तिसरा ब्रेक

चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवणाच्या रांगेत उभे असताना बसकाकू हळूच रांगेतून बाहेर पडली आणि तिने संयोजकांच्या खोलीचं दार वाजवलं.

सायकलफेरीचा मुक्काम एका शाळेत होता. वर्गावर्गांतून गाद्या पसरलेल्या, खिडक्यांच्या गजांवर धुतलेले मोजे वाळत घातलेले. संयोजकांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बस्तान मांडलं होतं. टेबलावर नकाशा, औषधांची पेटी आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग. संयोजक उंच, सडपातळ आणि सदा घाईत असलेला माणूस. त्यांनी कानाचा फोन न काढताच मानेने बसायची खूण केली. बसकाकू बसली नाही.

"उद्याचा घाट मला उतरता येणार नाही," ती म्हणाली. "जोडसायकलवर माझ्या मागे ताई असतात. घाटापुरतं आम्हाला गाडीतून न्या. पण हे मी सांगितलं असं ताईंना कळता कामा नये."

संयोजकांनी फोन खाली ठेवला. "काही झालंय का?"

"परवा आम्ही पडलो. त्या पुलाच्या उतारावर. मी कुणाला बोलले नाही."

संयोजकांनी नकाशा जवळ ओढून घाटावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. बघतो मी काय ते."

एवढंच झालं. दोन मिनिटांचं काम. बसकाकू पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली तेव्हा ताई तिची जागा धरून होत्या.

"कुठे उलथली होतीस गं ड्रायव्हर? माझ्या मागे चाकाच्या खुर्चीत बसून हा गृहस्थ मला घड्याळं कशी दुरुस्त करतात ते शिकवतोय. अर्धी विद्या घेऊन झाली माझी."

बसकाकू हसली. आपलं हसणं ताईंना खोटं ऐकू येईल अशी तिला भीती वाटली. ताईंचे कान भलते तिखट होते.

बसकाकू हे नाव शाळेच्या पोरांनी ठेवलेलं. अकरा वर्षं ती शाळेची बस चालवत होती आणि अकरा वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा उठला नव्हता. ताई तिची थोरली नणंद. विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात त्या तांब्याच्या तारेचे वेढे घालायच्या, नुसत्या बोटांनी मोजून. नऊ वर्षांच्या असताना तापात त्यांची दृष्टी गेली ती कायमची. जीभ मात्र त्यानंतरच जास्त धारदार झाली, असं बसकाकूचा नवरा म्हणायचा.

खरं तर ताईंबरोबर तोच यायचा होता. सहा दिवसांची सायकलफेरी, साडेपाचशे किलोमीटर. साठ-पासष्ट सायकलस्वार आणि त्यातले अकरा जण असे, की कुणाला दिसत नाही, कुणाचे पाय चालत नाहीत, कुणाला एकच हात. फेरीला मिळणाऱ्या देणग्यांतून शाळांमध्ये चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचे, ब्रेलची पुस्तकं घ्यायची. बहीणभावांनी वर्षभर पहाटे उठून जोडसायकलचा सराव केला होता. पुढे तो, मागे ताई. आणि निघायला बारा दिवस उरले असताना गडी न्हाणीघरात पाय घसरून पडला आणि मनगट मोडून बसला.

"मी जाते," असं बसकाकू त्या दिवशी म्हणून गेली. ताई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या, ते तिला बघवेना. शिवाय मनात कुठेतरी असंही होतं की, चाळीस पोरं भरलेली बस चालवणाऱ्या बाईला सायकलचं काय एवढं?

पण सायकल म्हणजे बस नव्हे. बसमध्ये आरसा असतो. कोण उठलं, कोण रडतंय, सगळं दिसतं. जोडसायकलवर मागचं माणूस दिसत नाही, नुसतं जाणवतं. ताईंचं सगळं वजन, सगळा भरवसा पाठीशी घेऊन ती उताराला लागली की तिची बोटं आपोआप ब्रेकवर आवळली जायची. परवा पुलाच्या उतारावर तिने घाबरून पुढचा ब्रेक एकदम दाबला आणि दोघी रस्त्याकडेच्या चरात गेल्या. ताईंचं कोपर सोलवटलं. "चला, सायकल शिकताना एकदा तरी पडावं लागतं," असं म्हणून ताई उठल्या आणि कपडे झटकून पुन्हा सीटवर बसल्या. तेव्हापासून बसकाकूचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आणि आता घाट. चौदा किलोमीटर नुसता उतार, सतरा वळणं.

*

सकाळी साडेसातला संयोजकांनी सगळ्यांना मैदानावर गोळा केलं. हातात कर्णा होता.

"घाट आपल्याला अकराच्या आत उतरायचा आहे. अकरानंतर अवजड गाड्या वर सोडतात. आणि एक महत्त्वाचं. सुरक्षेच्या दृष्टीने आपल्या अकरा विशेष सायकलस्वारांना आज घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीने नेलं जाईल. तिथून पुढे सगळे पुन्हा एकत्र."

बसकाकूने दोघींपुरतं मागितलं होतं. अकरा जणांचं नाही.

पहिला आवाज घड्याळजींचा. घड्याळजी म्हणजे काल रांगेत ताईंना विद्या देणारे गृहस्थ. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवायचे. कमरेखाली त्यांना हालचाल नव्हती. तीन चाकांच्या, जमिनीला टेकेल इतक्या बुटक्या सायकलवर पाठीला टेकून, हातांनी पॅडल फिरवत ते चार दिवस भल्याभल्यांना मागे टाकत आले होते.

"विशेष म्हणजे? मी काय विशेष रेल्वेगाडी आहे?" ते म्हणाले. "चार दिवस चढ चढवून घेतलेत, तेव्हा मी विशेष नव्हतो. आता उताराची मजा आली तर गाडीत बसू? माझी सायकल मी चालवतो. माझा ब्रेक मी दाबतो. कुणाला काय अडचण आहे?"

"अडचण नाही, जबाबदारी आहे," संयोजक म्हणाले. त्यांच्या कपाळावर इतक्या सकाळीही घाम होता. "उद्या कुणाला काही झालं तर पुन्हा कुठली फेरी निघणार नाही. आणि हे मी मनाने ठरवलेलं नाही. जोडसायकलच्या पुढच्या स्वारांपैकीच एकाने काल येऊन मला सांगितलं, की भीती वाटते."

आता कुजबुज सुरू झाली. जोडसायकली चार होत्या, म्हणजे पुढचे स्वार चार. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. आपले कान तापलेत हे बसकाकूला कळत होतं.

ताईंनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

"आमच्याकडे बघत असाल तर बघू नका," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आमची ड्रायव्हर पडेल, रडेल, पण माझ्या पाठीमागे असलं काही करायची नाही. कोण असेल त्याने पुढे यावं. असं तोंड लपवून काय बसायचं?"

बसकाकूला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. संयोजक तिच्याकडे बघतही नव्हते. बिचाऱ्यांनी शब्द पाळला होता. बाकीचे तिघे पुढचे स्वार मात्र आपापल्या जोडीदाराला "मी नाही, शपथ" असं सांगत होते.

"मी," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की शेजारच्यांनाही कळला नसावा. पण ताईंचा वर केलेला हात खाली आला.

"मी सांगितलं त्यांना," बसकाकू मोठ्याने म्हणाली. "मला भीती वाटली. आमच्या दोघींपुरतं म्हणाले होते मी. सगळ्यांचं नाव नव्हतं घेतलं."

घड्याळजींनी तेवढी मान हलवली आणि नजर दुसरीकडे वळवली. ताई वळल्या आणि काठी टेकत मैदानाच्या कडेच्या नळाकडे निघाल्या. वाट चुकल्या, कुंपणाला धडकल्या, तरी थांबल्या नाहीत. बसकाकू धावत मागे गेली.

"ताई..."

"मला सांगायचं होतंस," ताई म्हणाल्या. नळ सोडून त्या नुसतेच हात धूत होत्या. "त्याला नाही. मला."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. पण ते भांडण आपलं असतं, माझ्या तोंडावर झालेलं. लहानपणापासून माझ्याबद्दल लोक दुसऱ्या खोलीत जाऊन ठरवतात. शाळेत घालायचं की नाही, लग्न करायचं की नाही, जिना चढू द्यायचा की नाही. दार लोटून घेतात आणि बोलतात. मला वाटलं, तू त्यातली नाहीस."

बसकाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडायची ही वेळ नव्हती आणि तिला तसा हक्कही वाटेना. "तुम्हाला चरात पाडलं मी," ती कशीबशी म्हणाली. "तिथे चर होता म्हणून निभावलं. घाटात चर नाही, ताई. कठडा आहे, आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही. सगळं माझ्या एकटीच्या हातात आहे आणि माझे हात कापतात."

ताईंनी नळ बंद केला.

"मिस्त्रींना बोलाव," त्या म्हणाल्या.

मिस्त्री म्हणजे फेरीबरोबर असलेले सायकलदुरुस्तीवाले. खिशात कायम पाना, बोलणं मोजकं. ते आले तेव्हा ताई जोडसायकलवरून हात फिरवत उभ्या होत्या.

"या सायकलला ब्रेक किती?" ताईंनी विचारलं.

"तीन. पुढच्या चाकाला एक, मागच्याला एक. आणि हा तिसरा मागच्या चाकाच्या पोटात. लांबच्या उतारावर नुसता धरून ठेवायचा, म्हणजे वेग चढत नाही आणि बाकीचे दोन तापत नाहीत."

"तिन्ही हिच्याच हातात?"

"हो."

"का?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "तशीच आली सायकल. बदलून दे असं कुणी म्हटलं नाही."

"आता म्हणते. तिसरा माझ्या दांडीवर लावता येईल?"

"तार पुरेल," मिस्त्री वाकून बघत म्हणाले. "अर्धा तास द्या."

"दिला. आणि तू ऐक," ताई बसकाकूकडे वळल्या. आवाजात माया अजिबात नव्हती. "वळण आलं की मला आधी सांगायचं. डावं का उजवं, मोठं का छोटं. वेग मी धरीन, दिशा तू धर. जमणार नसेल तर आत्ता सांग, मी गाडीत बसते. पण मला सांग."

बसकाकूने मिस्त्रींच्या हातातल्या तारेकडे बघितलं. "जमेल की नाही ते माहीत नाही," ती म्हणाली. "पण उतरू."

तिकडे घड्याळजींनी संयोजकांना धारेवर धरलं होतं. संयोजकांनी शेवटचा उपाय म्हणून अकरा जणांकडे सहीचा कागद मागितला, की जे होईल त्याला आम्ही जबाबदार. "बाकीच्या पन्नास जणांनी केली का सही?" घड्याळजींनी विचारलं. "त्यांची करा आधी. मग त्याच पेनाने मी करतो." संयोजकांनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली आणि खिशात घातली. मग एकेकाकडे जाऊन विचारलं. दोघे जण स्वखुशीने गाडीत बसले. नऊ जण सायकलवर निघाले.

या सगळ्यात निघायला उशीर झाला. घाटमाथ्यावर पोचायला सव्वादहा वाजले.

*

पहिली चार वळणं बरी गेली. "डावं, मोठं," बसकाकू ओरडायची आणि लगेच मागून तिसऱ्या ब्रेकची घरघर सुरू व्हायची. सायकल वेसण घातल्यासारखी हळू व्हायची, बसकाकू वळण घ्यायची आणि घरघर थांबायची. घड्याळजी केव्हाच पुढे सुटले होते. सहाव्या वळणाला त्यांची लाल सायकल खालच्या रस्त्यावर सूं करत जाताना दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

ताई एक अक्षर जास्त बोलत नव्हत्या. एरवी त्यांची टकळी थांबायची नाही. आज फक्त "हं" आणि "धरला" आणि "सोडला". ती शांतता बसकाकूच्या पाठीला बोचत होती.

आठव्या वळणानंतर ताई म्हणाल्या, "वास येतोय. रबर तापलंय. थांब."

त्या थांबल्या. पुढच्या चाकाच्या कडेवर पाण्याचे थेंब टाकले तर ते चर्रकन उडाले. बसकाकूच्या तोंडचं पाणी पळालं. ताई धरून होत्या तरी ती स्वतःचा ब्रेक पूर्णवेळ आवळून बसली होती, नकळत.

"तू सोडत नाहीयेस," ताई म्हणाल्या.

"सुटत नाहीये."

"मग माझ्या हातात दिलास कशाला?"

चाक निवायला दहा मिनिटं गेली. पुन्हा निघाल्या. दहावं वळण, अकरावं. बसकाकूने घड्याळ बघायचं टाळलं. मग खालून, दरीतून, इंजिनाचा आवाज आला. पहिल्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीचा जड, धापा टाकणारा आवाज. बसवालीच ती, तिला बघायची गरज नव्हती.

"ट्रक आहे," ताईच आधी म्हणाल्या. "एकामागे एक दोन."

"उजवं, मोठं," बसकाकू ओरडली आणि वळणात शिरली.

ट्रकने सगळा रस्ता घेतला होता. लांब गाडी, वळण घेताना तिचं नाक पार कठड्यापर्यंत आलेलं. जायला उरली होती ती कडेची खडीची पट्टी, हातभर रुंद, आणि तिच्या बाजूने गुडघ्याएवढा कठडा. बसकाकूला सगळं एकदम स्वच्छ दिसलं. पुढचा ब्रेक दाबला तर खडीवर चाक घसरणार, परवासारखं. सोडला तर वेग. बोटं आखडून लाकूड झाली होती.

"ताई!" ती किंचाळली. वळणाचं नाव वगैरे काही नाही, नुसतं "ताई!"

आणि तिने दोन्ही ब्रेक सोडून दिले.

मागून घरघर नाही, करकर आली. सायकल सगळ्या अंगाने थरथरली. मागचं चाक खडीत रुतत, घासत, आडवं व्हायला बघत होतं आणि बसकाकू नुसती दिशा धरून होती, कठड्यापासून वीतभर आत. ट्रकचं गरम इंजिन तिच्या खांद्याजवळून गेलं. मग चाकं, एक, दोन, तीन. सायकल थांबली. तिचा डावा पाय कठड्यावर टेकला. खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

दुसरा ट्रक भोंगा वाजवत गेला. मग शांतता.

"थांबलो?" ताईंनी विचारलं.

"थांबलो."

"पडलो नाही?"

"नाही."

ताई खाली उतरल्या आणि होत्या तिथे, खडीतच बसल्या. चेहरा पांढराफटक. बसकाकूने त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. या बाईला भीती नावाची चीज माहीत नाही, असंच घरात सगळे धरून चालायचे.

"माझे तर डोळेच मिटले गं," ताई म्हणाल्या.

बसकाकूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. ताईही हसत होत्या, पण दात एकमेकांवर वाजत होते. बराच वेळ दोघी तशाच बसून होत्या. बसकाकूची बोटं अजून वाकडीच होती. ताईंनी चाचपत तिचा हात ओढला आणि एकेक बोट सरळ केलं.

"पहिल्या दिवसापासून भीती वाटतेय मला," त्या म्हणाल्या. "दर उताराला. तुला वाटतं तू एकटीच?"

"मग सांगितलं का नाहीत?"

ताई म्हणाल्या, "हं. म्हणजे मीही तुझ्या पाठीमागेच लपवलं. तसं म्हटलं तर."

"तुम्ही पाठीमागेच बसता, ताई."

"फार बोलायला लागलीस."

*

वर येणाऱ्या गाड्यांची रांग सरेपर्यंत त्या कठड्याला चिकटून चालत राहिल्या, सायकल दोघींच्या मधे धरून. खालची तीन वळणं तेवढी पुन्हा बसून उतरल्या. पायथ्याला पोचल्या तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. बाकी सगळे केव्हाच पोचून सावलीला पसरले होते. घड्याळजी सगळ्यांत आधी, अकराला पाच कमी असताना. हे त्यांनी दोघींना तीन वेळा ऐकवलं. बसकाकूशी मात्र ते त्या दिवशी थेट बोलले नाहीत, आणि तिनेही तशी अपेक्षा ठेवली नाही.

संयोजक मिस्त्रींना घेऊन रस्त्यातच येरझारा घालत होते. दोघींना बघून त्यांच्या जिवात जीव आला, पण तोंडातून निघालं ते असं, "अकराच्या आत म्हणालो होतो मी!"

"उशीर माझ्यामुळे झाला," बसकाकू म्हणाली. "सकाळचा सगळा." आणि मग ट्रकचंही सांगून टाकलं, कठड्यावर टेकलेल्या पायासकट. संयोजक ऐकत राहिले. ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "घाटाच्या पोलिसांना मी फोन करून अर्धा तास मागून घ्यायला हवा होता. वाद घालण्यात माझ्या ध्यानात राहिलं नाही."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो बसकाकूशी काही बोलायच्या आत ताईंनी फोन हिसकावून घेतला.

"तुझी बायको घाबरट आहे," त्या म्हणाल्या. "आणि मीही. वर्षभर सराव केलास माझ्याबरोबर, तुला कधी कळलं नाही... नाही, पडलो नाही. जवळजवळ. ते घरी आल्यावर सांगू. आणि हे बघ, तिच्यावर मी अजून रागावलेली आहे, तेव्हा मधे पडू नकोस. आमचं आम्ही बघतो."

त्यांनी फोन परत केला नाही, बंदच करून बाजूला ठेवला. तेवढ्यात संयोजक दारात आले. उद्या शेवटचा दिवस, नव्वद किलोमीटर, वाटेत एक छोटा उतार. त्यांच्या हातात वही होती. या खेपेला ते सरळ ताईंसमोर येऊन उभे राहिले.

"उद्याचं कसं करायचं, ताई? तुम्ही म्हणाल तसं."

"मला एकटीला काय विचारता?" ताई म्हणाल्या. "सायकलवर दोघी असतो."

संयोजक बसकाकूकडे वळले. तिने आपल्या बोटांची मूठ वळून बघितली. दुखत होती, पण वळत होती.

"उतार कुठे आहे?" तिने विचारलं. "नकाशा दाखवा. आम्हाला दोघींना समजेल असा, मोठ्याने वाचून."